फुंकणी आणि शिट्टी

११ जानेवारी

वन्सं,

पत्र बघून दचकू नका, सगळे धडधाकट आहेत. तुमचे भाऊ नेहमीप्रमाणे जगाचे नळ दुरुस्त करत हिंडतायत आणि घरचा नळ गळतोय. फोन करायचा तर मी हातात घेतला रे घेतला की हे समोर येऊन बसतात, "ताई का? दे इकडे." आणि मला जे सांगायचंय ते यांच्यासमोर बोलवणार नाही. म्हणून हा कागद.

मागच्या महिन्यात भट्टीवर होते. आमचं काम तुम्हाला ठाऊक आहे. लोखंडी फुंकणीच्या टोकावर वितळलेली काच गुंडाळून घ्यायची, ती सतत फिरवत ठेवायची आणि दुसऱ्या टोकाने फुंकायचं. त्या दिवशीचा गोळा जड होता. मी नेहमीसारखा पोटात श्वास भरला, रोखला आणि जोर लावला. तेवढ्यात खाली काहीतरी सुटलं. दुखलं नाही हो, नुसतं सुटलं. ओली चादर दोरीवरून घसरावी तसं.

घरी येऊन न्हाणीत हात लागला, तर जिथे काही नसायला हवं तिथे काहीतरी होतं. मऊ, गरम, लिंबाएवढं. मी तशीच स्टुलावर बसले. म्हटलं, आटोपला आपला खेळ.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, "गर्भपिशवी खाली सरकली आहे. जिवाला धोका नाही. ऑपरेशन करता येईल, पण आधी रिंग आणि व्यायाम करून बघता येईल. घाई नाही, ठरवा." आपल्या आया ज्याला 'अंग बाहेर येणं' म्हणायच्या, आणि एवढं म्हणून दार लावून घ्यायच्या, ते हेच.

घाई नाही म्हणे! वाचनालयाच्या नव्या दालनासाठी काचेच्या दिव्याची ऑर्डर आली आहे. एकच गोल, पण कवेत मावणार नाही एवढा. मी गेले काही आठवडे मोठी कामं टाळते आहे हे मालकीणबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. कारण विचारलं, मी सांगितलं नाही. काय सांगू? त्या म्हणाल्या, "एप्रिलअखेर गोल हवा. तू फुंकलास तर भट्टी तुझी. नाहीतर मी दुसरं माणूस आणते, तू बांधणीच्या टेबलावर जा." ऑपरेशन करावं तर कित्येक महिने जड उचलायला बंदी, आणि तोवर भट्टीवर दुसरं कुणी उभं राहिलेलं असणार.

दुसऱ्याने फुंकलेली काच मी कागदात गुंडाळत बसू? ते माझ्याच्याने व्हायचं नाही. भट्टी सुटली तर उरलेल्या बाईचं मी काय करू, तेही मला कळत नाही.

तुम्ही शाळेत कवायत शिकवलीत. शरीराचं तुम्हाला कळतं. काहीतरी व्यायाम सांगा. यांना कळू देऊ नका.

तुमची (हे नावही तुम्हीच ठेवलेलं),
फुंकणी


१९ जानेवारी

प्रिय फुंकणीबाई,

पत्र वाचलं, फाडलं आणि फाडल्यावर तुझ्या भट्टीचा पत्ता हवा होता म्हणून पुन्हा जुळवलं. तेव्हा पुढच्या वेळी पत्ता पाकिटावर स्वच्छ अक्षरात लिही.

आधी रडणं बंद. तू रडली नाहीस असं लिहिलं नाहीयेस, म्हणजे रडली आहेस. एवढं आभाळ कोसळलेलं नाही. बायकांचं अर्धं आयुष्य तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाण्यात जातं, त्यातलाच हा एक बुक्का. आपण कवायत करू आणि त्या पिशवीला सरळ करू.

लक्ष देऊन वाच. सकाळी उपाशीपोटी उताणी झोप. गुडघे वर. पोट आत, छाती वर. भरपूर श्वास घे आणि रोख. आता सगळं खालचं आवळून धर, जीव खाऊन धर, दम संपेपर्यंत सोडायचं नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. टाळाटाळ केलीस तर मी तिथे येऊन शिट्टी वाजवेन. माझ्या शिट्टीला मुख्याध्यापकसुद्धा रांगेत उभे राहायचे.

मालकीणबाईंना तूर्त काही सांगू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि हो. ती रिंग काय भानगड आहे ते नीट विचारून लिही. माझ्या शेजारणीला हेच आहे. बिचारीला बरीच वर्षं आहे. तिला सांगेन म्हणते. दुखते का, कोण बसवतं, ती घालून चालता येतं का, सगळं लिही. तिच्यासाठी.

शिट्टी


२७ फेब्रुवारी

वन्सं,

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावला असाल. आधी बोलणी खाऊन घेते, मग सांगते.

तुमची कवायत मी एकही दिवस चुकवली नाही. जीव खाऊन केली. हे विचारायचे, "सकाळी सकाळी दार लावून काय करतेस?" मी म्हणायचे, "प्रार्थना." आणि दर आठवड्याला ते लिंबू आणखी थोडं खाली. संध्याकाळी तर दोन पायांमध्ये वीट बांधल्यासारखं वाटायचं. भट्टीपाशी उभं राहवेना. मी मनाशी ठरवलं, आता ऑपरेशन, आणि मग टेबल.

तेवढं सांगायला डॉक्टरीणबाईंकडे गेले, तर त्यांनी मला खालच्या मजल्यावर पाठवलं. तिथे एक बुटक्या, जाड चष्म्याच्या फिजिओथेरपीवाल्या बाई आहेत, फक्त बायकांच्या याच दुखण्यांवर काम करतात. त्यांनी पोटावर गार जेल लावून यंत्र टेकवलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. सगळं राखाडी. त्यात त्यांनी बोटाने एक रेघ दाखवली. "ही तुमची खालची स्नायूंची झोळी. लघवीची पिशवी, गर्भाची पिशवी, सगळं हिच्यावर टेकलेलं असतं. आता व्यायाम करता तसं आवळा बघू."

मी श्वास भरला, रोखला, जीव खाऊन आवळलं. रेघ खाली गेली. पुन्हा केलं. आणखी खाली.

बाई पडद्याकडे बघतच राहिल्या. मग विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

म्हटलं, "काच फुंकते."

"तरीच! इतकी ताकद मी फार कमी बायकांत बघितली आहे. पण सगळी उलटी आहे. तुमच्या अंगाला जोर म्हणजे एकच गोष्ट ठाऊक आहे, श्वास कोंडायचा आणि खाली ढकलायचं. तुम्ही इतके दिवस आवळत नव्हता, रोज नेमाने ढकलत होता."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. एवढं इमानेइतबारे कुणी स्वतःचं वाटोळं केलं नसेल!

मग त्या म्हणाल्या, "जोर विसरा. श्वास सोडा, आणि सोडता सोडता लघवी मध्येच थांबवल्यासारखं हलकेच आत, वर घ्या." जमेना. रेघ हलायचीच नाही, नाहीतर खाली जायची. मी घामाघूम. बाई म्हणाल्या, "चहा गार करायला बशीवर फुंकर घालता ना, तेवढाच श्वास." मी तसा सोडला. आणि वन्सं, ती रेघ वर आली. केसाएवढी. पण वर.

मी डोळे फाडून बघत राहिले. पन्नाशी आली, हे अंग घेऊन मी हिंडते. यातून दोन मुलं आली. यातल्याच श्वासाने हजारो भांडी फुगवली. आणि आत ही झोळी आहे, ती आयुष्यभर माझं सगळं ओझं तोलून बसली आहे, मी झोपले तरी, हसले तरी, तिला धक्के मारले तरी, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मला रडू फुटलं. बाई घाबरल्या, "दुखतंय का?" मी म्हटलं, "नाही हो. केवढं सुंदर आहे हे!"

त्यांनीही चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "असं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

आता शेजारणीसाठी. रिंग म्हणजे मऊ सिलिकॉनची कडी, बांगडीएवढी. डॉक्टरीणबाई दुमडून आत सरकवतात, ती आत उघडते आणि पिशवीला खालून आधार देते. माझी पहिली कडी खोकल्याबरोबर बाहेर आली, दुसऱ्या मापाची बसली. नीट बसली की ती आहे हेही कळत नाही. दुखलं तर माप चुकलं समजायचं. मी ती स्वतः काढून, धुऊन परत बसवायला शिकले. सगळ्यांना जमतंच असं नाही, मग दवाखान्यात जाऊन बदलून घ्यायची. शेजारणीला म्हणावं, घाबरू नका, पण तपासून घेतल्याशिवाय काही करू नका. आणि पत्रातून कवायत तर मुळीच नको.

गोलाचं अजून काहीच ठरलेलं नाही. फिजिओबाई म्हणतात, फुंकायला त्यांची ना नाही, पण श्वास कोंडून नाही आणि जड फुंकणी एकटीने उचलून नाही. कोंडल्याशिवाय मोठा गोल कसा फुंकतात, हे मला तरी माहीत नाही.

तुमची,
फुंकणी


६ मार्च

फुंकणीबाई,

म्हणजे मी इथे बसून उंटावरून शेळ्या हाकल्या आणि शेळी खड्ड्यात! चांगलं झालं तू पडद्यावर बघितलंस. नाहीतर मी तुला आणखी दोन कवायती लिहून पाठवणार होते, त्यातल्या एकीत उड्या होत्या.

ती रेघ वर आल्याचं तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. आम्ही शारीरिक शिक्षणाच्या परीक्षेला शरीराचे सगळे स्नायू पाठ केले होते. दंडाचे, पाठीचे, पोटरीचे, अगदी भुवई उचलणारासुद्धा. या झोळीचं नाव त्या तक्त्यात नव्हतं. तक्ता कमरेपाशी थांबायचा आणि एकदम मांडीपासून सुरू व्हायचा. मध्ये काही नाहीच जणू! आणि जगातला प्रत्येक माणूस तर तिथूनच येतो.

शेजारणीचं विचारून घेतलं. ती सकाळी ठणठणीत असते, दुपारनंतर उतरतं. बाजारात निघाली की वाटेत कुठे कुठे टेकता येईल ते आधी मनात मांडून ठेवते. खुर्चीवर एका कुल्ह्यावर बसते. शिंक आली की पाय आवळून भिंत धरते. लघवीला बसलं तरी बोटाने वर सारल्याशिवाय सुटका नाही. रात्री कूस बदलताना मांडीत उशी धरते, कारण तसंच वळलं तर आतलं सगळं एका बाजूला ओघळल्यासारखं वाटतं. वय तुझ्यापेक्षा पुष्कळ जास्त. अशा म्हातारीला कडी चालते का? का आता बैल गेला नि झोपा केला?

तुझ्या गोलाची मला फार काळजी लागली आहे. मालकीणबाईंना तारीख पुढे ढकलता येत नाही का?

शिट्टी


१५ मार्च

वन्सं,

आधी तुमच्या भावांचा पराक्रम ऐका.

परवा सकाळी कडी धुऊन बेसिनच्या कडेला वाळत ठेवली आणि दूध उतरवायला गेले. परत येते तर कडी गायब. बेसिनखाली बघितलं, बादलीत बघितलं. शेवटी मोरीच्या जाळीत हात घातला. तेवढ्यात मागून आवाज, "काय शोधतेस?" बघते तर हे खाली बसलेले, पाण्याच्या पंपाचं झाकण उघडलेलं, आणि माझी कडी पंपाच्या तोंडावर बसवायचा प्रयत्न चाललेला! मला म्हणाले, "हे वायसर कुठून आणलंस? माल एक नंबर आहे. पण माप जरा मोठं पडतंय."

हसू की रडू कळेना. आणि मग लपवण्यात काही अर्थच उरला नाही. सगळं सांगितलं. भट्टीपासून, लिंबापासून, प्रार्थनेपर्यंत.

हे ग्रीस लागलेली कडी हातात धरून उलटसुलट बघत राहिले. मला वाटलं, आता तोंड फिरवतील. तर म्हणाले, "म्हणजे क्लॅम्प. आडवी पाइपलाइन कितीही भक्कम असो, मध्ये आधार दिला नाही तर झोल येतोच. त्यात पाइपाचा काय दोष?" थोडं थांबून म्हणाले, "आणि तुझ्या लाइनीवरून दोन पोरं गेली. ती अजून उभी आहे हेच नवल." नंतर उठून बाहेर गेले आणि बराच वेळ अंगणात नुसते उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. संध्याकाळी घरातला गळका नळ दुरुस्त झाला. कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी नवी कडी दिली. जुनी ह्यांनी ठेवून घेतली आहे, टाकू देत नाहीत.

भट्टीवर मी मालकीणबाईंना खरं सांगितलं. बाईमाणूस आहे, म्हटलं बघू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्ची पुढे सरकवली, पण तारीख हलवली नाही. "दालन माझ्यासाठी थांबत नाही," म्हणाल्या. खरंही आहे. फुंकणी उचलायला भट्टीवरच्या माझ्या जोडीदाराला, लंबूला, माझ्याबरोबर दिलं. म्हणजे उचलायचं सुटलं, फुंकायचं राहिलं.

मी रिकाम्या वेळेत लहान गोळ्यांवर प्रयत्न करते आहे. आमच्याकडे नवशिक्यांना एक रीत शिकवतात. फुंकणीत एवढीशी फुंकर घालायची आणि लगेच तिच्या तोंडावर अंगठा दाबायचा. आत अडकलेली हवा काचेच्या धगीने आपोआप फुगते आणि गोळ्यात बुडबुडा उमलतो. ही पोराटोरांची रीत म्हणून मी ती कधीच सोडून दिली होती. छातीच्या जोरावर फुंकायचं, यातच आमची ऐट. आता परत अंगठ्यावर आले आहे. काच जितकी गरम तितका श्वास कमी लागतो, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. लहान गोळे जमतात. मोठ्याचं सांगवत नाही. भीती वाटते.

आता शेवटचं, आणि हे वाचून पत्र फाडू नका. शेजारीण बाजारात कुठे टेकते ते तुम्हाला दिसत असेल. न्हाणीतलं तिने सांगितलं असेल. पण वन्सं, रात्री कूस बदलताना मांडीत उशी धरते, आणि आतलं कसं ओघळल्यासारखं वाटतं, हे कुणी शेजारणीला सांगत नाही.

कडी कुठल्याही वयात चालते. मी विचारून घेतलं आहे. बैल कुठेही गेलेला नाही.

तुमची,
फुंकणी


२ एप्रिल

अगं फुंकणे,

पकडलंस. शेजारी तर एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात, त्यांना ही तक्रार असणं अवघड आहे.

धाकट्याच्या बाळंतपणापासून आहे मला. तेव्हाच मी मैदान सोडून वर्गातली शिक्षिका झाले आणि सगळ्यांना सांगितलं, गुडघे गेले. गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. आजही मांडी घालून बसते. तुझ्या सासूबाईंना, म्हणजे माझ्या आईला, एकदा सांगायला गेले होते. तिने ऐकलं आणि म्हणाली, "मला पण." आणि भाजी चिरायला लागली. आम्ही दोघी चिरत बसलो.

तुझं पत्र आल्यावर मी चार दिवस घुश्शात होते. मग म्हटलं, हिने जर नवऱ्याच्या पंपावरून ती वस्तू उतरवून घेतली आणि तरी जिवंत आहे, तर माझं काय बिघडतं? गेले. डॉक्टर पोरगेली होती, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. मी टेबलावर चढून डोळे मिटून घेतले, जणू तिलाच दिसणार नाही. ती म्हणाली, "आजी, वर्षानुवर्षं हे घेऊन तुम्ही चालत होता?" मी म्हटलं, "चालत कसली, टेकत." तिने आधी कातडीसाठी मलम दिलं, मग काही दिवसांनी कडी. तिसरं माप बसलं.

टेबलावरून उतरले आणि उभी राहिले. आणि फुंकणे, खाली काही आलं नाही.

मी तिथेच उभी. डॉक्टर म्हणाली, "चालून बघा." मी खोलीत एक फेरी मारली. मग बाहेरच्या लांब बोळात गेले, तिथून जिन्याने खाली, तिथून रस्त्यावर. टेकायच्या सगळ्या जागा मला पाठ आहेत. औषधाच्या दुकानाची पायरी, शाळेचं कुंपण, झाडाचा पार. एकेक मागे पडत गेली आणि मी चालत राहिले. इतक्या साध्या वस्तूने? बांगडीएवढ्या? कोपऱ्यावर मला जोराची शिंक आली. भिंत नव्हती. मी मोकळ्यावर, पाय सैल ठेवून शिंकले! एक गृहस्थ वळून बघायला लागले. मी त्यांना म्हटलं, "बघा, बघा."

कडी काही किमया नाही, हे मलाही कळतं. दर काही महिन्यांनी दाखवायला जायचं, झोळीचे व्यायाम करायचे, श्वास सोडत, चहाच्या बशीवर फुंकर घातल्यासारखे. करते. शाळेत कधी कुणाचं ऐकलं नाही, पण त्या पोरीचं ऐकते.

तुझा गोल कधी आहे ते कळव.

शिट्टी


२१ एप्रिल (पोस्टकार्ड)

फुंकणे, तू तारीख कळवलीस ते बरं केलंस. मी येणार नाही. मी समोर असले तर तू माझ्यासाठी जोर लावशील, आणि जोरच नकोय. सावधान म्हणणार नाही. विश्राम. — शि.


२९ एप्रिल

वन्सं,

काल झाला.

सकाळी भट्टीपाशी गेले तर सगळे आधीच येऊन बसलेले. बांधणीच्या टेबलावरच्या बायकासुद्धा. मालकीणबाई दाराशी उभ्या. लंबूने फुंकणी काचेत बुडवली, फिरवून गोळा घेतला, थोडा थंड करून त्यावर आणखी काच घेतली, आणि पुन्हा. गोळा एवढा जड झाला की त्याचे दंड थरथरायला लागले. आम्ही दोघांनी मिळून फुंकणी लोखंडी घोडीवर टेकवली. तो फिरवत होता, मी तोंडाशी वाकले.

आणि अंगाने घात करायला घेतला. इतक्या वर्षांची सवय हो! श्वास आपोआप पोटात भरला गेला, घशाशी कोंडला, खालची झोळी ताणली गेल्याचं मला कळलं. आता कळतं ना. मी तोंड बाजूला घेतलं. कुणीतरी मागे चुकचुकलं. काच थंड होत होती, लंबू म्हणाला, "बाई?" मी म्हटलं, "पुन्हा तापव." त्याने फुंकणी भट्टीच्या तोंडात घातली. मालकीणबाईंचा चेहरा मी बघितला नाही.

गोळा परत आला तो नारिंगी, जवळजवळ पांढरा, इतका मऊ की लंबूने क्षणभर फिरवणं थांबवलं असतं तर जमिनीवर आला असता. मी श्वास सोडला. सोडतानाच खालची झोळी वर घेतली आणि जी फुंकर गेली ती चहाच्या बशीवरची. बस्स. आणि अंगठा दाबला.

काही झालं नाही. सगळे बघतायत, मी अंगठा धरून उभी. मग आत, त्या झगझगीत गोळ्याच्या अगदी मधोमध, एक बुडबुडा उमलला. मी फुंकत नव्हते, वन्सं! मी नुसता अंगठा धरला होता. तो आपला आपण मोठा होत होता. नंतर पुन्हा तापवायचा, पुन्हा हलकी फुंकर, पुन्हा झोळी वर, पुन्हा अंगठा. आणि एक गोष्ट मला इतक्या वर्षांत कधी जाणवलीच नव्हती, कारण मी नेहमी ताकदीनेच फुंकायचे. गोल जसजसा मोठा होतो तसतसा त्याला श्वास कमी लागतो. सुरुवातीलाच काय ती काच अडते. शेवटी शेवटी तर मी नुसती तोंड लावून उच्छ्वास सोडत होते, झोपलेल्या माणसाएवढा, आणि तो समोर वाढत होता. कलिंगडाएवढा, मग माठाएवढा, मग लंबूचं डोकं त्याच्या मागे दिसेनासं झालं. माझ्या आतल्या हवेने भरलेला. मालकीणबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले होते.

काठ कापून, हळू थंड होणाऱ्या भट्टीत ठेवून दार लावलं, तेव्हा लंबू माझ्या पाया पडायला वाकला. मी म्हटलं, "गाढवा, तूच तर फिरवलास." बांधणीवरच्या एका बाईने माझा अंगठा हातात घेऊन बघितला. मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, "सोमवारी वेळेवर ये. भट्टीपाशी तुझी जागा झाडून-पुसून ठेवायला सांगते."

आज दार उघडलं. तडा नाही. उजेडात धरला तर तिथे काच आहे हेच कळत नव्हतं.

मला हे सांगायचं नव्हतं, म्हणजे एवढंच नव्हतं. काल मी घरी आले. यांनी चहा टाकला होता. आम्ही दारात बसून प्यायलो, हे पुन्हा पुन्हा विचारत होते आणि मी पुन्हा पुन्हा सांगत होते. मग भांडी घासली, कपडे उतरवले आणि न्हाणीत गेले. तांब्या अंगावर घेतला आणि हात थांबला. माझं अंग खाली आलेलं आहे. डिसेंबरपासून उठताना, बसताना, हसताना, उभी असताना, दिवसातली एक घटका अशी गेली नाही की मला ते आठवलं नसेल. आणि काल गोल भट्टीत ठेवल्यापासून तांब्या हातात घेईपर्यंत, आख्खी दुपार आणि आख्खी संध्याकाळ, मी ते विसरून गेले होते.

तुमची,
फुंकणी